गोदाकाठची गाथा आणि सुरतेचा वर्ग

एम. ए. इंग्रजीच्या साहित्यसिद्धान्त विषयाच्या नव्या वाचनयाद्या अलीकडे हाती येतात, आणि त्यांतल्या बहुतेक वाचून संताप येतो. प्लेटोपासून देरिदापर्यंत चार घटक. पाचव्याला ‘भारतीय ज्ञान परंपरा’ असे भारदस्त नाव. त्यात रस, ध्वनी, वक्रोक्ती, औचित्य यांच्या चार-चार ओळींच्या व्याख्या आणि परीक्षेला एक टीप. २०२० चे शैक्षणिक धोरण आले तेव्हा भारतीय काव्यविचाराला इंग्रजीच्या वर्गात मानाचे पान मिळेल, असे वाटले होते. जागा मिळाली, पण भरताचे किंवा आनंदवर्धनाचे मूळ पान विद्यार्थ्याच्या हातात पडतच नाही. गाइड छापणाऱ्यांची मात्र सोय झाली.

सुरतेत हा प्रश्न अधिक टोचतो. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांतल्या कितीतरी मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. तापी व्हॅली रेल्वेने भुसावळ, जळगाव, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांची ही दुसरी-तिसरी पिढी. काही जण महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, काही गुजराती माध्यमात. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी आणि पदव्युत्तर वर्गात इंग्रजी, असा कान तयार झालेला विद्यार्थी आपण कोरी पाटी समजून प्लेटोपुढे बसवतो.

प्रचलित संग्रहांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. एनराइट आणि डी चिकेरा यांचे १९६२ चे पुस्तक इंग्रजी समीक्षेपुरते अजून उत्तम आहे. डेव्हिड लॉजचा १९७२ चा संग्रह निवडीला नेटका, आता जुना. रिव्हकिन आणि रायन वाचून वाद कळण्याआधी पंथांची नावे पाठ होतात. पीटर बॅरी ही प्रवेशिका आहे, तिने मूळ लेखांची जागा घेऊ नये. राहिला नॉर्टन. अडीच हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ २००१ मध्ये आला. त्याचा आरंभ गॉर्जियसपासून. स्पिवाक आणि भाभा आत आहेत. भरत, आनंदवर्धन, अभिनवगुप्त नाहीत. २०१० च्या आवृत्तीत सी. डी. नरसिंहय्या आले, तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. ग्रंथालयात त्याची एक प्रत जरूर असावी.

पाठ्यपुस्तक म्हणून मी गणेश देवी यांनी संपादित केलेला ‘इंडियन लिटररी क्रिटिसिझम’ हा २००२ चा संग्रह निवडेन. देवी मूळचे भोरचे, पण त्यांची अध्यापनाची वर्षे बडोद्यात गेली. गुजरात आणि महाराष्ट्र या दोहोंकडे आतून पाहणारा हा संपादक आहे. त्यांच्या संग्रहात भरत आणि भर्तृहरी आहेत, तसे ज्ञानेश्वर, अमीर खुस्रो आणि गालिबही आहेत. पुढे टागोर, मर्ढेकर, सुरेश जोशी, नेमाडे, पाटणकर. अभिनवगुप्तानंतर भारतात कुणी साहित्याचा विचारच केला नाही, हा समज या अनुक्रमणिकेने मोडतो.

संग्रह तपासण्याची माझी कसोटी एकच: उताऱ्यात सिद्धान्ताबरोबर उदाहरण आले आहे की नाही. ‘ध्वन्यालोक’ घ्या. नवव्या शतकातला काश्मिरी आनंदवर्धन कारिकेत तत्त्व मांडतो आणि वृत्तीत ते उदाहरणांनी सिद्ध करतो. गाइडवाले कारिका ठेवतात, वृत्ती उडवतात. पहिल्याच उद्द्योतातले पहिले मोठे उदाहरण आहे हालाच्या गाथासप्तशतीतले, महाराष्ट्री प्राकृतातले. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते, बाबा, आता खुशाल हिंड. तुला त्रास देणारे कुत्रे मेले, गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने त्याला मारले. शब्द ‘ये’ म्हणतात, अर्थ ‘फिरकू नकोस’ असा निघतो. तिची भेटीची जागा तिला मोकळी हवी आहे. विधान विधीचे आणि प्रतीती निषेधाची, यावर आनंदवर्धनाची सगळी इमारत उभी आहे. ही गाथा खानदेशातून आलेल्या मुलीला वाचून दाखवा, व्यंजना समजवायला व्याख्या लागणार नाही. आणि जे भारतीय परंपरा म्हणजे केवळ संस्कृत असे मानून पाचवा घटक रचतात, त्यांनी ध्यानात घ्यावे की ध्वनिसिद्धान्ताच्या पायाशी देशी भाषेतली एक बाई बोलते आहे.

देवींच्या संग्रहाचे खरे बळ आधुनिक भागात आहे. सुरेश जोशींनी गुजराती कथेतले घटनातत्त्व जवळजवळ विरघळवले, रूपरचनेला सर्वस्व मानले, बोदलेअर गुजरातीत आणला. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींतून कलाकृतीची संघटना उलगडली. आणि नेमाडे याच रूपवादी वळणावर तुटून पडले. साहित्य आपल्या भूमीतून, आपल्या लोकांच्या जगण्यातून वाढते, हा त्यांचा हट्ट. मर्ढेकर आणि नेमाडे दोघेही खानदेशात जन्मलेले. जोशी आणि नेमाडे एका आठवड्यात शेजारी शेजारी शिकवा, सुरतेच्या वर्गात खरा वाद पेटेल, कारण दोन्ही बाजू मुलांच्या घरच्या भाषांतल्या आहेत. असा वाद पाउंड आणि लीव्हिसवर या वर्गात पेटत नाही.

तरीही २००२ च्या या एका संग्रहावर थांबून चालणार नाही. पुण्यातल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारणारे जोतीराव फुल्यांचे १८८५ चे पत्र कुठल्याही सिद्धान्तसंग्रहात असलेच पाहिजे. शूद्रादी अतिशूद्रांचे हक्क नाकारणाऱ्यांच्या लेखनाशी आमचे जमणार नाही, असे त्यात फुले रोखठोक सांगतात. लेखक कुणाच्या वतीने लिहितो, हा प्रश्न युरोपीय सिद्धान्तकारांकडून उसना घेण्याची आपल्याला गरज नव्हती. धुळ्याच्या शरद पाटलांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९८८ चे. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ चे, इंग्रजीत २००४ पासून उपलब्ध. बाबुराव बागुलांचा विचार अर्जुन डांगळे यांच्या १९९२ च्या इंग्रजी संग्रहात आहे. सुरतेच्या नर्मदने कवितेत ‘जोस्सो’ हवा म्हणून लिहिले, नवलरामांनी ‘करणघेलो’ कादंबरीवर लिहिलेल्या परीक्षणापासून गुजराती ग्रंथसमीक्षेचा आरंभ मानतात. हे सगळे इंग्रजीत आणून पुरवणी करणे एखाद्या विभागाच्या आवाक्यातले काम आहे.

इंग्रजीच्या वर्गात मराठी-गुजराती समीक्षा कशाला, असे विचारणारे प्राध्यापक मला भेटतात. प्लेटो इंग्रजीत लिहीत नव्हता. देरिदाही नाही, ‘ग्रॅमॅटॉलॉजी’ आपण वाचतो ती स्पिवाक यांच्या १९७६ च्या भाषांतरात. मग नवलरामाचेच भाषांतर का बोचावे? दुसरी ढाल नेट परीक्षेची. ती पारिभाषिक शब्द विचारते, आणि दोन मूळ लेख झगडून वाचलेल्याला ते शब्द सहज येतात. शब्दच पाठ केलेल्याला मात्र पुढे एक मूळ लेखही वाचता येत नाही.

अभ्यास मंडळांनी पाचवा घटक रद्द करावा आणि आनंदवर्धन, फुले, मर्ढेकर, जोशी, नेमाडे यांना पहिल्या घटकापासून अ‍ॅरिस्टॉटल आणि एलियट यांच्या बरोबरीने शिकवावे. देवींचा संग्रह पाठ्यपुस्तक आणि नॉर्टन संदर्भग्रंथ; ज्या शहराच्या विद्यापीठाला नर्मदचे नाव आहे, तिथे याच्या उलट क्रम मला मान्य नाही.