सिद्ध झालं नाही म्हणजे घडलं नाही का?

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेसाठी शून्य गृहीतकाची व्याख्या सगळेच पाठ करतात. पण 'पुरावा मिळाला नाही' आणि 'तसं घडलं नाही' या दोन वाक्यांतला फरक पाठ करून अंगी बाणत नाही. म्हणून आज एक निकाल तपासून बघू. क्रिकेटचा आहे, त्यामुळे कंटाळा येणार नाही. आणि त्यात आपली माणसं आहेत, त्यामुळे तटस्थ राहणं जड जाईल. खरी परीक्षा तिथेच आहे.

जानेवारी २००८, सिडनी कसोटी, तिसरा दिवस. हरभजन सिंग आणि सचिन तेंडुलकर खेळत होते. हरभजनने ब्रेट लीला मागून बॅटने हलकेच थोपटलं, अँड्र्यू सायमंड्स मध्ये पडला आणि शब्दाला शब्द वाढला. हरभजन आपल्याला 'मंकी' म्हणाला, अशी सायमंड्सची तक्रार. मॅथ्यू हेडन आणि मायकेल क्लार्क यांनीही तो शब्द ऐकल्याचं सांगितलं. पंचांनी काही ऐकलं नव्हतं. स्टंप माइकमध्ये इतर बोलणं आलं, पण ज्यावर सगळं अडलं होतं तो शब्द आला नाही. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली.

अपील २९ जानेवारीला ॲडलेडमध्ये न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे चाललं. हरभजनची बाजू मांडली नागपूरचे ज्येष्ठ वकील व्ही. आर. मनोहर यांनी. तेंडुलकरची साक्ष अशी, की आपण 'मंकी' ऐकलं नाही. हरभजन 'तेरी माँ की' म्हणाला. शेवटी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. बंदी गेली, आणि अर्वाच्य भाषेसाठी सामन्याच्या मानधनाची निम्मी रक्कम दंड म्हणून भरावी लागली.

आपल्याकडे याचा अर्थ लावला गेला: सायमंड्स खोटं बोलला. तिकडे अर्थ लावला गेला: बीसीसीआयच्या पैशापुढे न्याय वाकला. माझ्या मते निकाल या दोन्हींतलं काहीच सांगत नाही.

आधी त्याची जमेची बाजू. आरोप जितका गंभीर, तितकी खात्री मोठी हवी, हे माप हॅन्सन यांनी लावलं. तीन विरुद्ध एक अशी साक्षीदारांची मोजणी केली नाही. संशोधनाच्या भाषेत बघा: एकाच संघाचे, एकाच तापलेल्या वातावरणातले तीन साक्षीदार म्हणजे तीन स्वतंत्र मापनं नव्हेत. एकाच तराजूवर तीनदा वजन केलं, तर तराजूतला दोष तीनदा मोजला जातो. तेंडुलकरलाही हेच लागू. तो हरभजनच्याच संघाचा होता. बाहेरचा, तटस्थ असा एकच साक्षीदार होता, तो म्हणजे माइक, आणि तो गप्प होता. अशा वेळी रिकामी जागा अंदाजाने न भरणं हे शिस्तीचं काम आहे.

आता भाषेचं. आमच्या गंगापुरात टेनिस बॉलच्या मॅचमध्ये चेंडू बॅटची कड चुकवून गेला की बॉलर 'आयला!' म्हणतो. कुणी अंगावर घेत नाही. तोच शब्द आवाज चढवून, बॅट्समनच्या डोळ्यात बघून म्हटला, तर हाणामारी होते. आजी नातवाला 'माकडा' म्हणते ते लाडाने. म्हणजे शिवी नुसत्या शब्दात नसते. कोण, कुणाला, कोणत्या इतिहासानंतर म्हणतो यात ती असते. आणि इथे इतिहास ताजा होता. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदरा आणि वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज आणि हावभाव केले होते. वानखेडेवर पोलिसांनी चौघांवर कारवाई केली. 'आपल्याकडे माकड हा देव आहे' ही सबब त्यानंतर तरी चालणारी नव्हती.

वानखेडेवर कारवाई जमली, सिडनीत का नाही? कारण वानखेडेवरचे हावभाव कॅमेऱ्यात आले. मैदानाच्या मध्यावरचा शब्द हवेत विरला. नियम मात्र पूर्ण त्या एका शब्दावर उभा. वर्णद्वेषी शब्द ठरला तर दोन ते चार कसोटींची बंदी, आईवरून शिवी ठरली तर दंडावर भागतं. दोन्हींत अपमान करण्याचा हेतू तोच, पण वर्गीकरण बदललं की शिक्षा कुठल्या कुठे जाते. कमकुवत मापनावर अशी तीक्ष्ण सीमारेषा आखली की निकाल डळमळणारच.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष मला नोंदींचा वाटतो. हरभजनच्या आधीच्या शिक्षांची पूर्ण माहिती आयसीसीने हॅन्सन यांच्यापुढे ठेवलीच नव्हती. २००१ ची एक शिक्षा त्यात राहून गेली. ती कळली असती तर शिक्षेचा वेगळा विचार केला असता, असं हॅन्सन यांनी नंतर सांगितलं. म्हणजे तर्क नीट, विदा अर्धवट. असे शोधनिबंध तुम्हाला पुढे ढिगाने भेटतील.

आता बाजू उलटी करून बघा. त्याच सिडनीत जानेवारी २०२१ मध्ये मोहम्मद सिराजने प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याची तक्रार केली. कर्णधार अजिंक्य रहाणे, म्हणजे गोदावरीपलीकडच्या संगमनेर तालुक्यातला आपला माणूस, पंचांकडे गेला आणि खेळ थांबला. सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत ठरलं, की शेरेबाजी झाली होती, पण ते सहाजण दोषी नव्हते. खरे दोषी सापडले नाहीत. टाइप वन आणि टाइप टू, दोन्ही चुका एकाच घटनेत! दोषी सापडले नाहीत म्हणून सिराज खोटा, असं आपण म्हणालो का? नाही ना? मग २००८ मध्ये सायमंड्सला तेच माप का लावलं नाही?

मग शिवीगाळीवर लगाम घालायचा कसा? न्यायाधीश महिन्याने येतो, कर्णधार तिथेच उभा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइंबतूरला दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात यशस्वी जैस्वाल फलंदाज रवी तेजाला सतत डिवचत होता. पंचांनी समज देऊनही थांबेना, तेव्हा रहाणेने आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर पाठवलं. तेही ज्याने त्या सामन्यात २६५ धावा केल्या होत्या त्याला. शब्द नेमका कोणता, हे सिद्ध करत बसायची गरज पडली नाही. अर्थात हा उपाय कर्णधाराच्या नियतीवर चालतो. सगळेच रहाणे नसतात, म्हणून नियम आणि नोंदी लागतातच.

तेव्हा उद्या कुणी शिक्षा झालेल्या खेळाडूंचा तक्ता दाखवून 'शिवीगाळ कमी झाली' म्हणालं, तर आधी विचारा: हा तक्ता शिव्या मोजतो, की पकडल्या गेलेल्या शिव्या? रॅगिंगच्या, जातीवरून होणाऱ्या टोमण्यांच्या आकडेवारीलाही हाच प्रश्न विचारा. आणि स्वतःच्या प्रबंधात 'आढळले नाही' लिहाल, तेव्हा कशाने शोधलं आणि ते साधन काय ऐकू शकत नव्हतं, हे त्याच परिच्छेदात लिहा.