मधली चावी

जोडसिलिंडर पाहताना नवख्याची नजर दोन टाक्यांवर जाते. मुरलेला डायव्हर आधी त्यांच्या मानेकडे बघतो. तिथे दोघांना जोडणारी एक आडवी नळी असते, मॅनिफोल्ड. तिच्या दोन्ही टोकांना एकेक चावी आणि मधोमध तिसरी. सगळी करामत या वीतभर पितळेत आहे.

तारकर्लीला पाठीवर एक सिलिंडर घेऊन उतरणाऱ्याच्या डोक्यावर मोकळं पाणी असतं. बिघडलं तर वर यायचं. फ्लोरिडातल्या जलमय गुहांमध्ये डोक्यावर चुनखडीचं छत असतं. ही जोडी त्या छताखाली घासूनपुसून तयार झाली.

गंमत अशी, की टोकाची चावी बंद केली तरी त्या बाजूचं सिलिंडर बंद होत नाही. बंद होतो तो फक्त तिच्यावरचा, श्वासाला हवा देणारा रेग्युलेटर. आतली हवा आडव्या नळीतून पलीकडे जाते आणि दुसऱ्या रेग्युलेटरमधून शेवटपर्यंत मिळत राहते. मधली चावी एरवी उघडीच. नळीच गळू लागली, तरच ती फिरवायची. मग अर्धी हवा जाते, अर्धी वाचते. कवितेच्या ओळीतल्या यतीचं काम इतक्या नेमकेपणाने करणारं दुसरं यंत्र मला ठाऊक नाही.

या देखण्या रचनेत एक खोट आहे, आणि माझं मन खरं तिच्यावरच बसलंय. पुढे सरकताना गुहेच्या छताला घासून डावी चावी हळूहळू मिटत जाते. उजवी मात्र घासली तर उघडण्याच्या दिशेने फिरते. म्हणूनच श्वास ज्यातून घ्यायचा आणि अडचणीत जोडीदाराला जो काढून द्यायचा, तो दोन मीटरहून लांब नळीचा रेग्युलेटर उजवीकडे लावतात. खडकाच्या खोडीनं डावं-उजवं ठरवलं!

निवड करताना माझा कौल १२ लिटरच्या, २३२ बारच्या पोलादी जोडीला. दोन्ही मिळून ५५६८ लिटर हवा. गुहाडायव्हर शेक एक्सलीने १९७९च्या पुस्तिकेत गुहाडायव्हिंगचे नियम मांडले. त्यांतला तिहाईचा प्रसिद्धच आहे: एक वाटा आत जायला, एक परतायला, एक राखीव. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला ३० मीटरवर, चौपट दाबात, ८० लागतात. म्हणजे जायला जेमतेम २३ मिनिटं. एवढी अवजड जोडी, आणि हिशेब असा कंजूष! ३०० बारच्या टाक्या कागदावर मोहक दिसतात. पण त्या दाबाला हवा हिशेबाइतकी मावत नाही आणि पोलाद मात्र वाढतं.

तरी उबदार समुद्रात साध्या वेटसूटवर उतरणाऱ्याला मी पोलाद देणार नाही. भरलेल्या जोडीतली हवाच साडेसहा किलोच्या आसपास भरते. तरंगवणारी पिशवी फाटली, तर हे ओझं पोहून वर आणणं कठीण. तिथे ॲल्युमिनियम बरं. रिकामं होत आलं की ते वर ओढू लागतं, तेवढं शिसं जवळ ठेवावं लागतं.

चाव्यांचे नॉब मऊ रबराचे घ्या. कडक प्लास्टिक आपटून तडकतं. आणि दुकानातच जोडी पाठीवर चढवून मधल्या चावीपर्यंत हात नेऊन बघा. बोटं टेकून उपयोग नाही, ती फिरवता आली पाहिजे. जमत नसेल तर टाक्यांभोवतीचे पट्टे सैल करायला सांगा आणि टाक्या इंचभर वर सरकवून घ्या.