सुरीची दिशा

‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’चा विषय निघाला की कुणीतरी सशाबद्दल बोलतंच. शेगडीवर मोठं पातेलं, झाकणाखालून उसळणारी वाफ, बाहेर पिंजऱ्याकडे धावत सुटलेली लहान मुलगी आणि झाकणाकडे जाणारा आईचा हात. दिग्दर्शक एड्रियन लाइननं हे तुकडे असे जोडलेत की पातेल्यात काय आहे ते आपल्याला आईच्या आधी कळतं. १९८७ सालच्या या प्रसंगानं इंग्रजीला एक नवी शिवी दिली. हात धुऊन मागे लागणाऱ्या बाईला तिकडे अजूनही ‘बनी बॉयलर’ म्हणतात.

त्याच चित्रपटात एक दिवाही आहे. विवाहित डॅनशी शनिवार-रविवारचं प्रकरण झालेल्या अ‍ॅलेक्सनं ‘मादाम बटरफ्लाय’ची तिकिटं काढलेली, पण त्यानं यायला नकार दिलेला. मग ती घरी जमिनीवर बसून तो ऑपेरा ऐकते आणि शेजारच्या दिव्याचं बटण दाबत राहते. लागला, विझला. लागला, विझला. मध्येच कॅमेरा डॅनकडे जातो, तर तो बायको आणि मित्रमंडळींबरोबर हसतखिदळत असतो. परत खोली, परत दिवा. किंकाळी नाही, सुरी नाही. समोरचा माणूस निघून गेला की आपण उरतच नाही, ही अवस्था पडद्यावर इतक्या कमी ऐवजात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अ‍ॅलेक्सला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे असं चित्रपटात कुणीही म्हणत नाही. ते लेबल नंतर चिकटलं आणि इतकं घट्ट चिकटलं की या विकाराचा विषय निघाला की उदाहरण तिचंच येतं. मुळात हे नावच फसवं. आपल्याकडे शुगर बॉर्डरलाइनवर असते, म्हणजे अजून काही झालेलं नसतं. मानसोपचारात हा शब्द आला तो न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरच्या रुग्णांसाठी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली त्याला अधिकृत जागा मिळाली. नऊ निकषांपैकी पाच जुळले की निदान होतं. माणसं सोडून जातील ही जीव खाणारी भीती, आज देव वाटणारा माणूस उद्या राक्षस वाटणं, आतलं रितेपण, न आवरणारा राग, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे प्रयत्न, ही त्यातली काही. राग यादीत आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. घरातल्यांना तो सोसावा लागतो, कधी शब्दांनी, कधी फुटलेल्या भांड्यांनी, कधी त्याहून वाईट. पण जी हिंसा थेट निकष म्हणून लिहिलेली आहे, ती स्वतःवरची आहे. दुसऱ्याचा जीव घेणं त्या नवात कुठेच नाही.

आणि हे ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ला कळत होतं. पहिल्या शनिवार-रविवारनंतर डॅन निघतो तेव्हा अ‍ॅलेक्स सुरी चालवते ती स्वतःच्या मनगटावर. मूळ शेवटही तसाच होता. त्या ऑपेरातल्या बटरफ्लायसारखीच ती स्वतःचा जीव घेते, सुरीवर डॅनच्या बोटांचे ठसे असतात आणि पोलीस त्याला घेऊन जातात. चाचणी-खेळांतल्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही. त्यांना बाईला शिक्षा झालेली हवी होती, तीही कुटुंबाच्या हातून. मग नवा शेवट चित्रित झाला. आता अ‍ॅलेक्स सुरी घेऊन डॅनच्या न्हाणीघरात घुसते, त्याच्या बायकोवर धावून जाते, टबात बुडवल्यावरही भुतासारखी उसळून वर येते आणि शेवटी बायकोच्या गोळीनं मरते. अ‍ॅलेक्स साकारणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला कडवा विरोध होता. भूमिकेची तयारी करताना ती मानसोपचारतज्ज्ञांना भेटली होती, लहानपणी अत्याचार सोसलेली बाई म्हणून तिनं अ‍ॅलेक्स उभी केली होती. तिचं कुणी ऐकलं नाही. चित्रपट तुफान चालला, ऑस्करची सहा नामांकनं मिळाली.

हा नवा शेवट पुन्हा पाहिला तर एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. न्हाणीघरात डॅनच्या बायकोशी बोलता बोलता अ‍ॅलेक्स सुरीचं टोक स्वतःच्याच मांडीवर ओढत असते. पांढऱ्या कपड्यावर रक्त उमटतं आणि तिचं तिकडे लक्षही नसतं. पटकथा तिला खुनी करायला निघाली असताना नटीच्या हाताला मात्र सुरीची जुनी दिशा आठवते आहे असं मला वाटतं.

जुन्या शेवटालाही मी फार डोक्यावर घेणार नाही. त्यातही अ‍ॅलेक्सनं पाठवलेली टेप बायकोच्या हाती लागते आणि नवरा सुटणार हे आपल्याला कळतं. म्हणजे तिचं मरण तिथेही पुरावा म्हणूनच कामी येतं.

हा साचा काही लाइननं पाडला नाही. क्लिंट ईस्टवुडनं दिग्दर्शनाची सुरुवातच १९७१ साली ‘प्ले मिस्टी फॉर मी’नं केली. त्यात रेडिओवर एकच गाणं मागणारी श्रोती एका रात्रीच्या ओळखीवर निवेदकाचा पिच्छा पुरवते आणि सुरीपर्यंत पोचते. १९९२ च्या ‘सिंगल व्हाइट फीमेल’मध्ये घरात भाड्यानं राहायला आलेली मुलगी आधीपासून तिथे राहणाऱ्या मुलीसारखे केस कापते आणि पुढे खून पाडते. ‘मी कोण’ हे न उमगणं हा या विकाराचा किती केविलवाणा भाग, पण तिथे त्याची किंमत एका दचक्याएवढी.

‘गर्ल, इंटरप्टेड’ (१९९९) वेगळा ठरायला हवा होता. सुझाना केसनला १९६७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डॉक्टरांच्या एका भेटीनंतर मॅक्लीन इस्पितळात पाठवण्यात आलं. निदान बॉर्डरलाइन. तिच्या आठवणींच्या पुस्तकावर जेम्स मँगोल्डनं चित्रपट केला आणि त्यातली सुझाना कुणावर हात उगारत नाही, ती वहीत लिहीत बसते. पण एवढ्यावर मोठा चित्रपट उभा राहील असा भरवसा निर्मात्यांना नसावा. म्हणून दुसरी रुग्ण लिसा पेटती ठेवली, तिला तळघरातल्या बोगद्यांतून सुझानाच्या मागे धावायला लावलं. ऑस्कर अँजेलिना जोलीला, म्हणजे लिसाला मिळालं. शांत रुग्णाला नायिका करायचं आणि टाळ्या पेटलेलीला मिळवून द्यायच्या, असा तो सौदा आहे.

विनोदी अंगानं गेलेल्यांनी थोडी बरी वाट काढली. ‘वेलकम टू मी’मध्ये (२०१४) लॉटरी लागलेली अ‍ॅलिस औषधं बंद करते आणि पैसे मोजून स्वतःबद्दलचाच टॉक शो सुरू करते. ती जवळच्यांना छळते, पण तिच्यापासून कुणाच्या जिवाला धोका नाही. ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ ही मालिका तर नावातली शिवीच तपासायला घेते. तिसऱ्या पर्वात, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर, नायिका रिबेकाला निदान कळतं. आपल्याला काय झालंय त्याला नाव मिळणार म्हणून ती आधी हरखून गाते आणि नाव ऐकल्यावर तिचा चेहरा पडतो. त्या पडलेल्या चेहऱ्यामागे वर सांगितलेले सगळे चित्रपट उभे आहेत.

हिंदीत ‘प्यार तूने क्या किया’ (२००१) आठवावा. उर्मिला मातोंडकर, तिला आवडणारा विवाहित फोटोग्राफर आणि त्याच्या बायकोच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी. साचा ओळखीचा, शेवटी रवानगी मनोरुग्णालयात. आता ‘कबीर सिंग’ (२०१९) शेजारी ठेवून पाहा. प्रेयसी दुरावल्यावर उद्ध्वस्त होणारा, रागाला बांध नसलेला, दारूत स्वतःला संपवणारा नायक. सुरुवातीलाच तो एका बाईला सुरीचा धाक दाखवतो. त्याला कुणी निदान चिकटवलं नाही, उलट त्याला नायिका परत मिळाली. पुरुषाच्या हातातल्या सुरीला आपण विरह म्हणून मोकळे होतो.

मराठीत मनाच्या आजाराकडे धीरानं पाहायची रीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी घालून दिली. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘कासव’मध्ये नैराश्य. ‘कासव’मधली जानकी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या अनोळखी मुलाला कोकणातल्या घरी आणते आणि प्रश्न न विचारता राहू देते. समुद्र, कासवांची अंडी, वेळेवर समोर आलेलं ताट. सुवर्णकमळ मिळालं ते योग्यच. पण तो मुलगा अबोल आहे, त्याची कणव येणं सोपं आहे. रात्री दोन वाजता तिसाव्यांदा फोन करणारी, आज पाया पडणारी आणि उद्या घाण घाण बोलणारी मुलगी जानकीच्या दारात आली असती तर? तिलाही ताट वाढलं गेलं असतं का, हे पाहायला मला आवडलं असतं.

अशा मुलींचं पुढे काय होतं, याचं एक उत्तर मार्शा लिनेहान यांच्याकडे आहे. १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्या इस्पितळात दाखल झाल्या. तिथे स्वतःला कापायच्या, भाजायच्या, डोकं आपटायच्या. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर या विकारावर आज जगभर वापरली जाणारी उपचारपद्धती त्यांनीच घडवली, आणि हे सगळं आपल्यावर बेतलेलं आहे हे २०११ साली उघडपणे सांगितलं. हार्टफर्डच्या त्याच इस्पितळात, जिथे त्या मुलगी म्हणून दाखल झाल्या होत्या.