वाद्यांविना लार्गो

ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीतला ‘लार्गो’ सुरू होतो तो पितळी वाद्यांच्या मोजक्या, भारदस्त स्वरसमूहांनी. मग तंतुवाद्यांचा मंद पडदा सरकतो आणि त्यावर कोर आंग्ले नावाचं सुषिर वाद्य ती जगप्रसिद्ध धून वाजवू लागतं. आता यातून पितळी वाद्यं वजा करा. व्हायोलिनं आणि कोर आंग्लेही वजा करा. पुरुषांचे आवाजही नकोत, म्हणजे खर्जाचा आधार गेलाच. उरल्या तीसेक बायका, पावणेदोन वर्षांच्या कैदेने आणि अर्धपोटी राहून खंगलेल्या. सुमात्रातल्या पालेम्बांगच्या जपानी छावणीत 27 डिसेंबर 1943 रोजी एवढ्याच भांडवलावर हा लार्गो सादर झाला. कंडक्टर होती नोरा चेंबर्स.

नोराचा जन्म 1905 सालचा, सिंगापूरमधला. वडील स्कॉटिश इंजिनियर. साम्राज्याच्या काळात कामधंद्यासाठी पूर्वेकडे येऊन स्थिरावलेल्या असंख्य स्कॉट कुटुंबांपैकीच हे एक. मुलीला शिक्षणासाठी विलायतेला धाडलं. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ती व्हायोलिन शिकली, तिथल्या वाद्यवृंदात सर हेन्री वुड यांच्या हाताखाली वाजवू लागली. पुढे लग्न आणि मलायातला संसार. वाद्यवृंदाचा हा तपशील महत्त्वाचा आहे. वाद्यवृंदात बसून वाजवणाऱ्याला धून कुणाकडे आहे याच्या आधी कळतं ते हे, की धून दुसऱ्याकडे असताना आपण काय करायचं. नोराची पुढची सगळी कामगिरी या जाणिवेवर उभी आहे.

फेब्रुवारी 1942. सिंगापूर पडायच्या बेतात. मुलीला आधीच ऑस्ट्रेलियाला पाठवलेलं. 12 तारखेला आजारी नवरा आणि बहीण एना यांच्यासह नोरा ‘व्हायनर ब्रूक’वर चढली. सारावाकच्या राजाच्या नावाची ही बोट एरवी डझनभर प्रवासी नेणारी. त्या दिवशी तिच्यावर दोनशेच्या आसपास माणसं होती, त्यांत 65 ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका. 14 तारखेला बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी तिला बुडवलं. 12 परिचारिका समुद्रात गेल्या. किनाऱ्याला लागलेल्या 22 जणींवर राजी बीचवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतली एकच वाचली. नोरा आणि एना दोघीही बांका बेटावर जिवंत पोचल्या आणि कैदी झाल्या. पुरुषांची छावणी वेगळी, त्यामुळे नवऱ्याशी ताटातूट. एनाने आई गमावलेल्या एका लहानग्या मुलीला छावणीत आपल्या पंखाखाली घेतलं.

छावणीत मार्गारेट ड्रायबर्ग भेटल्या. प्रेस्बिटेरियन मिशनच्या शिक्षिका, आधी चीन आणि मग सिंगापूर असं आयुष्य काढलेल्या, वयाने पन्नाशी ओलांडलेल्या. पियानोच्या रचना त्यांच्या डोक्यात अक्षरशः छापलेल्या होत्या. एकही छापील पान हाताशी नसताना त्या शोपँ, ब्राम्स, डेब्युसी, मेंडेलसोन आठवून आठवून कागदाच्या मिळतील त्या तुकड्यांवर उतरवत. नोराच्या साथीने त्यांनी ते संगीत बायकांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांत वाटलं. तालीम मात्र नोराच्या हाती. डच, इंग्रज, ऑस्ट्रेलियन अशा बायका. भाषा वेगळ्या, संगीताची तयारीही कमीजास्त. शब्द पाठ करायला अंगात त्राण कुणाच्यात होतं? म्हणून शब्द नाहीतच. मिटल्या ओठांचा हुंकार, आकार, ऊकार, अधूनमधून एखादं व्यंजन, एवढ्यावर भागवलेलं. भाषेचा तंटा मिटला आणि त्याच फटक्यात गळ्याचं वाद्य झालं. अडचणीतून शैली निघते म्हणतात त्याचा इतका नेमका दाखला मला दुसरा आठवत नाही.

या मांडणीची आज ध्वनिमुद्रणं मिळतात. लार्गो ऐकताना पहिली दाद द्यावी लागते ती सुरुवातीला. मुळात तिथे पितळेचं वजन आहे. ते वजन बायकांच्या गळ्यातून निघणार नाही, हे मांडणाऱ्यांनी आधीच ओळखलंय. त्या वजनाच्या मागे लागत नाहीत. मिटल्या ओठांनी स्वरसमूह एकमेकांत विरघळत जातात आणि जे मूळ सिम्फनीत दार उघडल्यासारखं वाटतं ते इथे दूरवरून जवळ येत असल्यासारखं वाटतं. मग धून. कोर आंग्लेचा वादक एकटा असतो, त्याचा श्वास संपला की ओळ संपली. इथे एक बाई श्वास घेते तेव्हा बाकीच्या स्वर धरून ठेवतात. ओळ तुटत नाही. वृंदगानातली ही साधीच युक्ती, पण भुकेने खंगलेल्या छातीत लांब दम कुठून आणायचा, हा प्रश्न तिने परस्पर सोडवला. एकटीला जे झेपलं नसतं ते तीस जणींनी वाटून घेतलं.

शोपँच्या ‘रेनड्रॉप’ प्रील्यूडमधली करामत वेगळीच. पियानोवर एकच स्वर पावसाच्या थेंबासारखा टपटपत राहतो. पट्टीवर बोट ठेवलं की झालं. गळ्याला मात्र प्रत्येक थेंब नव्याने उचलावा लागतो, तोही कोरडा न होता. मधल्या भागात धून खाली उतरते आणि थेंब वर राहतो. खालच्या आवाजांची खरी परीक्षा इथे. टाळ्या वरच्या आवाजांना मिळतात, हा जगाचा न्याय. या मांडण्यांत मात्र कान खालच्या पट्टीकडे लावून बसावं.

पहिल्या मैफिलीत एक पहारेकरी संगीन परजत, ओरडत आत घुसला. जमावबंदीचा हुकूम होता ना. नोराने हात थांबवला नाही. तोही थांबला, ऐकत राहिला. ब्रूस बेरेसफोर्डच्या 1997च्या ‘पॅरडाइज रोड’ चित्रपटाने हा प्रसंग पुरेपूर वापरलाय. ग्लेन क्लोजची भूमिका नोरावर बेतलेली, पॉलीन कॉलिन्सची ड्रायबर्गबाईंवर. चित्रपटातलं गाणं हार्लेमच्या डच स्त्री-वृंदाचं आहे आणि ते सुरेखच आहे. माझी तक्रार कॅमेऱ्याशी आहे. तो सारखा ऐकणाऱ्यांचे भारावलेले चेहरे दाखवतो. जिथे बघायला हवं ते म्हणजे ‘पुन्हा, तिसरी पट्टी, पुन्हा’ असली कंटाळवाणी तालीम. नोरा छावणीतले संडास साफ करायच्या पाळीवरही होती. तिथून येऊन दुसरीचा पाव सूर उतरलाय हे ऐकू येणं, आणि ते चालवून न घेणं, हा तिच्या स्वभावाचा खरा पत्ता. करुणेने ओथंबून ही कथा सांगितली की नेमकी ही करडी शिस्त हरवते.

1945 उजाडेपर्यंत मैफिली बंद पडल्या होत्या. गाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी कैदेतच गेल्या. ड्रायबर्गबाई एप्रिल 1945 मध्ये. वृंदात गाणारी ऑस्ट्रेलियन परिचारिका बेटी जेफ्री सुटून आली, तिने 1954 साली ‘व्हाइट कूलीज’ हे पुस्तक लिहिलं. नोराला नवरा आणि मुलगी दोघेही परत मिळाले. तिने अखेरचे दिवस जर्सी बेटावर काढले आणि 1989 मध्ये ती गेली. हाताने उतरवलेली या मांडण्यांची एक वही छावणीतल्या एका डच कुटुंबातल्या बहिणींपैकी एकीने जपून ठेवली होती. ती 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे गेली आणि तिथल्या परिसरातला एक महिला-वृंद त्या मांडण्या पुन्हा गाऊ लागला. आज कुठलाही स्त्री-वृंद त्या गाऊ शकतो. शब्द नाहीत, त्यामुळे उच्चार शिकायची भानगड नाही.