थोड्या साधनांचा युद्धपट

युद्धपट म्हटला की हत्ती, घोडे, तोफा आणि क्षितिजापर्यंत पसरलेले सैन्य हवेच, असा समज आपल्याकडे दृढ झाला आहे. मराठी चित्रपटास तेवढा पैसा मिळत नाही. तेव्हा युद्धपट उणा उतरला की त्याचे खापर दारिद्र्याच्या माथी फोडून निर्माता मोकळा होतो, आणि विषय बहुधा शिवकालाचा असल्यामुळे प्रेक्षकही सारे दोष भक्तिभावाने पोटात घालतो. या दोन्ही गोष्टी आम्हांस अमान्य आहेत. थोड्या पैशांतले युद्धपट फसतात ते पैशांच्या तुटीमुळे नव्हे. ते तयारीच्या तुटीमुळे फसतात. ही तयारी दोन प्रकारची असते. एक पात्रांची आणि दुसरी सामानाची. या दोहोंचा विचार आपल्या टीकाकारांनी फारसा केलेला नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

मराठी माणसाने चित्रपटाचा धंदा आरंभिला तोच मुळी तुटपुंज्या साधनांवर. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंके नावाच्या एकाच नटाने केली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर. त्यांनी चित्रे घेण्याचे यंत्र स्वतः घडविले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२३ साली हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या आधारे 'सिंहगड' पडद्यावर आणला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पुढे १९३० साली प्रभात कंपनीने 'स्वराज्याचे तोरण' काढला तेव्हा परीक्षक मंडळाच्या हरकतीमुळे त्याचे नाव बदलून 'उदयकाल' ठेवावे लागले. त्या मूकपटात सैन्य ते किती असणार! तरीही सरकारला धास्ती वाटली, आणि ती पडद्यावरील शिपायांच्या संख्येची नव्हती. चित्रपटातील युद्धाचे बळ शिरगणतीवर अवलंबून नसते, हा धडा आपल्या पदरी इतक्या आरंभीच पडलेला आहे.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर श्री. दिग्पाल लांजेकर यांची शिवकालीन चित्रपटांची मालिका घ्यावी लागेल. २०१८ साली 'फर्जंद'ने तिचा आरंभ झाला. पुढे 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' व 'शेर शिवराज' (२०२२) आणि 'सुभेदार' (२०२३) हे चित्रपट आले. यांतील पहिल्या विषयाची निवड आम्हांस विशेष मार्मिक वाटते. कोंडाजी फर्जंदाने १६७३ साली अवघ्या साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला. जेथे खऱ्या लढाईतच साठ माणसे होती, तेथे पडद्यावर साठ माणसे दाखविण्यात लाज कसली? लाल महालावरील छापा, पावनखिंडीतील झुंज, सिंहगडावरील चढाई हे सारे प्रसंग मूठभर माणसांचे आहेत. गनिमी कावा ही थोड्या साधनांची युद्धनीती, आणि थोड्या साधनांच्या चित्रपटास तिच्याहून अनुकूल विषय दुसरा नाही. ही गोष्ट ओळखल्याबद्दल या दिग्दर्शकाचे ऋण मानले पाहिजे.

परंतु विषयाने दिलेली ही सवलत हे चित्रपट सर्वत्र राखीत नाहीत. मधूनच त्यांना मोठेपणाचा मोह पडतो. संगणकावर रचलेले गड आणि फौजा दिसू लागतात, आणि खऱ्या माणसांच्या शेजारी त्या चित्रांचा कच्चेपणा उघडा पडतो. २०२० सालच्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटापाशी असल्या करामतींस लागणारे द्रव्य होते. तेथे त्या निदान डोळे दिपवितात. कमी पैशांत त्यांची नक्कल करणे म्हणजे श्रीमंताच्या लग्नातला मांडव पाहून आपल्या ओसरीवर कागदी झुंबरे टांगण्यासारखे आहे. साठ माणसांची गोष्ट साठ माणसांतच सांगावी. त्यांतील निदान दहांचे चेहरे प्रेक्षकांच्या ओळखीचे व्हावेत, म्हणजे अकरावा पडला तरी जीव हळहळतो.

आता पात्रांच्या तयारीकडे वळू. आपल्याकडे नटाची तयारी म्हणजे दंड कमावणे आणि संवाद गर्जून म्हणणे, अशी समजूत दिसते. आमच्या मते शिपायाची पहिली परीक्षा त्याच्या पायांची आहे. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली माणसे रात्रभर पावसातून, चिखलातून, रानवाटेने धावत होती. खिंडीत उभे राहिले तेव्हा ती आधीच अर्धमेली झालेली असणार. पडद्यावरचा मावळा मात्र त्या मजलेनंतरही नुकताच न्हाऊन आल्यासारखा टवटवीत असतो आणि एका दमात पल्लेदार वाक्ये बोलतो. येथे पैशाचा प्रश्नच येत नाही. नटांना चित्रणापूर्वी दोन कोस डोंगर चढविण्यास काय खर्च येतो? धापा टाकणारा माणूस थोडे बोलतो आणि तुटक बोलतो. एवढे जरी लेखकाच्या ध्यानात आले तरी निम्मे संवाद आपोआप गळून पडतील व उरलेल्यांना धार येईल.

हत्यारांच्या सरावाविषयीही तेच. कोल्हापूरच्या तालमींत लाठी, पट्टा, विटा यांचे मर्दानी खेळ अद्याप जिवंत आहेत, आणि ते शिकविणारे वस्तादही आहेत. तथापि खेळ वेगळा आणि लढाई वेगळी, हा विवेक राखला पाहिजे. खेळातला पट्टा प्रेक्षकांसाठी फिरतो. लढाईतला शत्रूच्या अंगावर जातो. दहा जणांना महिनाभर एका वस्तादाच्या हाती द्यावे आणि शेवटी त्यांस सांगावे की, आता शोभेचे हात विसरा. शिकून टाकून दिलेली विद्या आणि मुळात नसलेली विद्या यांतला भेद पडद्यावर तत्काळ कळतो.

सामानाच्या बाबतीत तर आमच्या नाटकमंडळ्यांची जुनी सवय चित्रपटाच्याही अंगी मुरलेली आहे. लाकडी तलवारीस बेगड चिकटविली की रंगभूमीवर भागत असे, कारण प्रेक्षक दूर असे. चित्रपटात तो नटाच्या मनगटाजवळ बसलेला असतो. खऱ्या तलवारीचे वजन किलोभराच्या आसपास, म्हणजे फार मोठे नव्हे. परंतु ती चालविणाऱ्याचा खांदा काही वारांनंतर भरून येतो आणि चुकलेला वार सावरण्यास क्षण लागतो. हलक्या नकली तलवारीने तो क्षण नाहीसा होतो, आणि त्याबरोबर भीतीही नाहीशी होते. धार नसलेली, पण वजनाने खरी अशी हत्यारे चारदोनच करावीत व ती पुढच्या ओळीतील माणसांच्या हाती द्यावीत. मागच्यांना काठ्या पुरतात. बाराबंद्या आणि मुंडाशी नवी शिवून घेण्यापेक्षा ती महिनाभर नटांकडून घामात वापरून घ्यावीत. तोड्याच्या बंदुकीत दारू भरणे, ठासणे, तोडा पेटता ठेवणे यांत केवढा वेळ जातो, हे एकदा तरी संपूर्ण दाखवावे. त्या अवधीत शत्रू जवळ येत असतो. यासारखे नाट्य फुकट कोठे मिळणार?

परदेशी उदाहरणांनी आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. केव्हिन ब्राउनलो आणि अँड्र्यू मोलो या दोन इंग्रज पोरांनी १९५६ साली, वयाच्या अनुक्रमे अठराव्या व सोळाव्या वर्षी, 'इट हॅपन्ड हिअर' हा चित्रपट आरंभिला. जर्मनांनी इंग्लंड जिंकले असते तर काय झाले असते, हा त्याचा विषय. तो पुरा होण्यास आठ वर्षे लागली. बहुतेक पात्रे हौशी होती. मात्र गणवेषाचे एकेक बटण बरोबर असावे असा मोलोचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायीच तो चित्रपट आजही खऱ्या बातमीपटासारखा वाटतो. ऑर्सन वेल्स याने १९६५ सालच्या 'चाइम्स ॲट मिडनाइट'मध्ये दोनशेहून कमी माणसांत श्रूजबरीची लढाई उभी केली. तुकड्यातुकड्यांची जुळणी, धूर, आणि शेवटी चिखलात लडबडणारी माणसे एवढेच त्याचे भांडवल. स्टॅन्ली कुब्रिकने १९५३ सालच्या आपल्या पहिल्या युद्धपटात शत्रूपक्षाच्या अधिकाऱ्यांची कामे नायकपक्षाच्याच नटांकडून करविली. त्यात काटकसर होतीच, पण आपण मारतो तो आपल्यासारखाच असतो, हा अर्थही त्यातून निघाला. गरिबीचे असे सोने करता येते.

हा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगेतले येरमाळा हे गाव उभे राहते. चैत्री पौर्णिमेस तेथे येडेश्वरीची यात्रा भरते आणि भाविक चुनखडीचे खडे वेचून त्यांचे ढीग घालतात. एवढा अफाट समुदाय परंपरेच्या शिस्तीने डोंगर चढतो, उतरतो, पालखीमागे वळतो. या मुलखात गोंधळ्याने संबळ आणि तुणतुणे यांवर रात्र जागविण्याची चाल जुनी. अगिनदासाने अफझलखानाच्या वधाचा आणि तुळशीदासाने सिंहगडाचा पोवाडा रचला तो असल्याच साधनांच्या भरवशावर. कोठे थांबावे आणि काय न सांगता सोडावे हे त्या शाहिरांना ठाऊक होते. ज्या प्रदेशातले श्रोते डफाच्या थापेवर गड सर होताना पाहू शकतात, तेथील दिग्दर्शकाने दहा हजारांच्या नकली फौजेसाठी झुरावे, हे आश्चर्य नव्हे काय?

याच जिल्ह्यात परांड्याचा किल्ला आहे. विजापूरची सुप्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १६३२ साली तेथूनच हलविण्यात आली. तिचे वजन सुमारे पंचावन्न टन. अशी तोफ पुठ्ठ्याची करू गेल्यास हसे होईल. परंतु ती ओढणारे बैल, ताणलेले दोर, जमिनीत रुतलेली चाकोरी आणि गाडीवानांचे शिव्याशाप हे सारे कोणत्याही खेड्यात मिळते. तोफ न दाखविता तिचा भार दाखवावा. साधने थोडी असणाऱ्याने वस्तूपेक्षा तिच्या परिणामाकडे पाहावे, असे आमचे सांगणे आहे.

आणि विषयांसाठी तीनशे वर्षे मागेच जावयास हवे असेही नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षीच्या १३ सप्टेंबरला हिंदी सैन्य सोलापूरच्या बाजूने शिरले, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले, आणि १७ तारखेस निजामाने शस्त्रे खाली ठेविली. त्याआधीचे वर्ष रझाकारांच्या धाकाचे, सरहद्दीवरील शिबिरांचे, रात्री गाव सोडणाऱ्या कुटुंबांचे होते. या युद्धाचा मोठा भाग बंद दारांमागे आणि अंधाऱ्या वाटांवर घडला. रणगाड्यांची त्यास गरज नाही. एक कंदील, एक बैलगाडी आणि दूरवर ऐकू येणारी गोळी पुरे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांची पिढी आता सरत आली आहे. त्यांच्या आठवणींतून पात्रांची चाल, बोली आणि घरातले सामान टिपून घेण्याचे काम आणखी दहा वर्षांनी कितीही पैसा ओतला तरी होणार नाही.

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. थोड्या खर्चाचा चित्रपट काढताना सर्वांत आधी कात्री लागते ती घोळक्यातल्या माणसाच्या मजुरीस व सुरक्षिततेस. शेतावरून आणलेला गडी घोड्यावर बसविला जातो, दारूच्या भडक्याजवळ उभा केला जातो, आणि त्याचे नाव नामावलीतही येत नाही. सामान्य मावळ्याचा गौरव करू निघालेल्या चित्रपटाने आपल्याच मावळ्यास असे वागवावे, यासारखी विसंगती नाही. माणसे थोडी घ्यावीत, परंतु त्यांना शिकवावे, जपावे, पुरती मजुरी द्यावी आणि पडद्यावर त्यांची नावे लिहावीत. एवढे करणारा दिग्दर्शक वीसच माणसे घेऊन आला तरी त्याच्या चित्रपटाचे स्वागत करण्यास आम्ही सिद्ध आहोत.