सटवाईचा लेख आणि मुंबॅटनचा पोरगा

"मामा, त्याने माणसाला वाचवलंच ना? मग सगळे त्याच्यावर का चिडले?"

कळव्यात पूर्वेला आमचं घर पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून आहे. पावसाळ्यातल्या एका दुपारी तिथे भाच्याबरोबर मी 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' दुसऱ्यांदा बघत होतो. पडद्यावर मुंबॅटन नावाचं शहर कोसळत होतं, न्यूयॉर्कचा स्पायडर-मॅन असलेला माइल्स मोरालेस हा पोरगा तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्याला ढिगाऱ्याखालून ओढून काढत होता आणि थोड्याच वेळात त्यालाच गुन्हेगार ठरवलं जाणार होतं. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. चित्रपटानेही ते दिलेलं नाही. ते उत्तर या मालिकेच्या तिसऱ्या आणि शेवटच्या चित्रपटाने द्यायचं आहे.

पहिला चित्रपट, 'इनटू द स्पायडर-व्हर्स', २०१८ साली आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. दुसरा जून २०२३ मध्ये आला. भारतात तो दहा भाषांमध्ये लागला आणि त्यांत मराठीही होती. तिसरा, 'बियॉन्ड द स्पायडर-व्हर्स', मार्च २०२४ मध्ये यायचा होता. तो लांबत लांबत २०२७ वर गेला आहे. शेवटच्या भागाची वाट बघताना लोक 'पुढे काय होणार' याचे तर्क लढवतात. मला मात्र मागे वळून गोष्टीत पडलेली गाठ नीट बघावीशी वाटते. कारण शेवट चांगला की वाईट हे गाठ कशी सुटते यावर ठरतं, आणि या मालिकेची गाठ न्यूयॉर्कमध्ये पडलेली नाही. ती मुंबईच्या या चितारलेल्या बहिणीत, मुंबॅटनमध्ये पडली आहे.

मुंबॅटनचा स्पायडर-मॅन म्हणजे पवित्र प्रभाकर. मूळ स्पायडर-मॅन पीटर पार्करच्या नावातला 'प' आणि 'र' यांचा ठेका राखून केलेलं हे नाव कानाला लगेच पटतं. हा मुलगा चित्रपटासाठी जन्मला नाही. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि चित्रकार जीवन कांग यांनी 'स्पायडर-मॅन: इंडिया' हे चार अंकांचं कॉमिक केलं. त्यातला पवित्र गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो. त्याच्याबरोबर माया काकू आणि भीम काका. शक्ती त्याला मिळते ती एका योग्याकडून आणि अंगावर कोळ्याच्या नक्षीच्या अंगरख्याखाली धोतर. त्या कॉमिकमध्ये पीटरची गोष्ट जवळजवळ तशीच्या तशी भारतात आणली होती. काका मरतो, मुलाला जबाबदारी कळते. चित्रपटाने याच मुलाला उचललं आणि त्याच्याबाबतीत एक मोठा बदल केला. हा पवित्र आनंदी आहे. त्याच्यावर अजून काही ओढवलेलं नाही. केसांपासून कामापर्यंत सगळं त्याला सहज जमतं, गायत्रीवर त्याचं प्रेम आहे आणि तिच्या वडिलांचा, इन्स्पेक्टर सिंगांचा, धाक आहे. मुंबॅटनच्या प्रसंगाचं सगळं बळ या आनंदात आहे. ज्याच्याकडे हरवण्यासारखं खूप आहे, त्याच्याच शहरावर दिग्दर्शक संकट आणतात.

आधी या शहराचं चित्र बघायला हवं. या चित्रपटात अनेक समांतर विश्वं आहेत, प्रत्येकाचा आपला स्पायडर-नायक आणि प्रत्येकाच्या चित्रणाचा हात वेगळा. माइल्सची मैत्रीण ग्वेन स्टेसी हिचं जग जलरंगातलं. तिथे मन बिनसलं की मागच्या भिंतीचे रंग ओघळतात आणि बापलेक जवळ आले की उजळतात. होबी ब्राऊन हा बंडखोर तर फाडून चिकटवलेल्या भित्तिपत्रकासारखा चालतो. मुंबॅटनसाठी कलाकारांनी आदर्श घेतला तो इंद्रजाल कॉमिक्सचा. हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो. १९६४ पासून १९९० पर्यंत टाइम्स समूहाने मुंबईतून काढलेले ते अंक आमच्या पिढीने रद्दीवाल्याकडून, शेजाऱ्यांकडून, गाडीतल्या सहप्रवाशाकडून मागून वाचले. वेताळ, मँड्रेक आणि आबिद सुरतींचा बहादूर. स्वस्त कागदावर रंग जरा सरकून बसलेला असायचा. ओठांची लाली ओठांच्या बाहेर, आकाशाची निळाई डोंगराच्या कडेवर. तो छपाईचा दोष होता. इथे कलाकारांनी तोच दोष जपून, मोजूनमापून परत रंगवला आहे. आमच्या लहानपणीच्या गरीब छपाईला हॉलिवूडच्या महागड्या अॅनिमेशनमध्ये सौंदर्य म्हणून जागा मिळाली, आणि ती मिळवताना कुणी तिची कीव केलेली नाही.

आता हालचाल. कळवा स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की स्लो गाडी येताना खिडकीतला एकेक चेहरा सुटा दिसतो. फास्ट गाडी न थांबता जाते तेव्हा त्याच खिडक्यांची एक अखंड पट्टी होते. अॅनिमेशनचं गणित असंच आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र दिलं तर हालचाल पाण्यासारखी वाहते. एकच चित्र दोन चौकटी धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, तर ती किंचित तुटक होते आणि डोळ्याला चित्र चित्र म्हणून जाणवतं. पहिल्या चित्रपटात जंगलातून झोके घेताना नवखा माइल्स १२ चित्रांनी हलतो आणि अनुभवी पीटर २४ ने. शिकाऊपण असं थेट हालचालीत उतरवलं होतं. पवित्रच्या अंगात नवखेपणा नाही. त्याच्या झोक्यात केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेचे पवित्रे आहेत आणि हातातली कडी तो भोवऱ्यासारखी फेकतो आणि परत झेलतो. डॅनियल पेम्बर्टनचं संगीतही इथे भारतीय तालवाद्यांचा ठेका धरतं. मजल्यावर मजले, रस्त्यावर रस्ते आणि सगळीकडे गर्दी अशा त्या शहरात तो मुलगा ज्या सहजतेने वाट काढतो, ती सहजता गर्दीच्या गाडीच्या दारात लटकणाऱ्या पोरांची आहे. तिच्यात धोका आहे, आणि त्या धोक्याची सवयही आहे.

मग येतो हास्यरस. माइल्स 'चाय टी' म्हणतो आणि पवित्र उसळतो: चाय म्हणजेच टी, तू 'टी टी' म्हणतोयस. हा विनोद मराठी माणसाला जास्त भिडतो, कारण 'गाईचं गोमूत्र' आणि 'पिवळं पीतांबर' यांवर आपण शाळेपासून हसत आलो आहोत. पण पवित्रचं उसळणं निव्वळ व्याकरणाचं नाही. ज्याची वस्तू त्याच्याच नावाने ओळखा, एवढंच तो मागतो. पुढे शहर दाखवताना इंग्रजांनी आमच्या वस्तू चोरल्या ती जागा, असंही तो उडत्या झोक्यात सांगून जातो. त्याच्या स्वरात कडवटपणा नाही आणि माफीही नाही. हसता हसता आपल्याला या मुलाचा लळा लागतो.

इथून रस पालटतो. स्पॉट हा खलनायक सुरुवातीला हास्यास्पद असतो. पांढरं अंग, त्यावर काळी भोकं, बाजूला चित्रकाराने खोडायच्या राहिलेल्या निळ्या पेन्सिलीच्या रेषा. अर्धवट सोडलेल्या चित्रासारखा तो दिसतो. मुंबॅटनच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रातून त्याला हवी ती शक्ती मिळते, आणि त्यानंतर तो कागदावर सांडलेल्या शाईसारखा पसरतो. अद्भुताचं भयानक होतं. इमारती खचतात. गायत्री एका बाजूला संकटात, तिचे वडील दुसऱ्या बाजूला. पवित्र गायत्रीकडे धावतो. इन्स्पेक्टर सिंग एका लहान मुलाला वाचवायला जातात आणि वरून ढिगारा येतो.

जुन्या वाचकांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. १९७० साली 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ९० व्या अंकात ग्वेनचे वडील कॅप्टन स्टेसी असेच मेले होते, कोसळत्या ढिगाऱ्यापासून एका लहान मुलाला वाचवताना. चित्रपटाने तीच चौकट, तेच मूल, तोच ढिगारा पुन्हा मांडला आहे. म्हणून ग्वेनच्या चेहऱ्याकडे बघावं. काय होणार हे तिला ठाऊक आहे. ती माइल्सला अडवायला बघते. माइल्सला यातलं काहीच माहीत नाही. त्याला फक्त एक माणूस आणि एक मूल दिसतं. तो उडी घेतो. सिंग वाचतात, मूल वाचतं. क्षणभर वाटतं, झालं, जिंकलो. आणि मग मुंबॅटनच्या जमिनीत एक काळं विवर उघडतं.

मिगेल ओ'हारा हा भविष्यातला स्पायडर-मॅन नंतर माइल्सला नियम सांगतो. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्या असतात, जवळच्या पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू ही त्यांतली एक. ती टळली तर विश्व उसवतं. आणि माइल्सचे वडील लवकरच पोलीस कॅप्टन होणार आहेत.

मूळ इंग्रजीत या नियमाला 'कॅनन' म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुनं नाव आहे. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री पाटावर पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. लिहिलेलं टळत नाही, असं आजी म्हणायची. अशा घरात वाढल्यामुळे मिगेल मला परका वाटत नाही, आणि तो दुष्टही वाटत नाही. त्याने स्वतः एक जग हरवताना पाहिलं आहे. 'टळत नाही' हे वाक्य बहुतेक वेळा दुःख झेललेलीच माणसं उच्चारतात. त्यात निष्ठुरपणा नसतो, पुन्हा आशा धरायची भीती असते.

पण माझ्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. चढावर एकावर एक रचल्यासारखी घरं, खालच्या घराच्या पत्र्याला टेकलेला वरच्या घराचा ओटा. मुंबॅटनची उभी वस्ती मला त्यामुळे कधी अतिशयोक्ती वाटली नाही. २०२१ च्या जुलैमध्ये याच डोंगराखाली, घोलाई नगरमध्ये, दरड घरावर आली आणि पाच जण गेले. त्या दिवशी शेजारीपाजारी हातांनी माती उपसायला धावले होते. नंतरच्या बोलण्यात मात्र हळूहळू एक वाक्य शिरतं: पावसाळा आहे, डोंगर आहे, होणारच. ठरलेलं मरण म्हणतात ते हेच. काही मरणं लिहिलेली असतात असं एकदा मानलं की ती अडवायची जबाबदारी कुणावरच राहत नाही. माइल्सची उडी मला म्हणूनच मोठी वाटते. त्याने नियम मोडायचा ठरवलेला नाही. तो मातीकडे धावणाऱ्या शेजाऱ्यासारखा धावला आहे. नियम नंतर कळला, आणि तो कळल्यावरही त्याने आपलं धावणं चूक मानलं नाही.

उत्तर काय असेल याची खूण चित्रपटाने शेवटाकडे हळूच ठेवली आहे, आणि ती लढाईत नाही. ग्वेनच्या घरात आहे. तिचे वडील तिला सांगतात की त्यांनी पोलिसातली नोकरी सोडली. कॅप्टनच उरला नाही तर कॅप्टनचा मृत्यू कुणाचा होणार? जलरंगाची ती खोली त्या क्षणी उजळते. एका बापाने मुलीसाठी पद सोडलं, एवढ्या साध्या घरगुती निर्णयाने अटळ म्हणवणाऱ्या लेखाची एक ओळ पुसली जाते. सिंगांना वाचवायला बळ लागलं. स्टेसींना वाचवायला प्रेम पुरलं. दिग्दर्शकांनी या दोन सुटका एकाच चित्रपटात समोरासमोर ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते तिसऱ्या भागाची किल्ली त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

उणीव एकच सांगतो, कारण ती सलते. आडनाव सिंग, युद्धकला केरळची, आणि मूळ इंग्रजी संवादांत मला मुंबईचा मराठी आवाज ऐकू आला नाही. मुंबई सगळ्यांची आहे हे खरं, आणि सगळ्यांच्या मुंबईत मराठीही असते. जो मुलगा चहाला त्याच्या नावाने हाक मारायचा हट्ट धरतो, त्याने आपल्या शहराची भाषाही एकदा बोलावी, एवढीच अपेक्षा.

आणि शेवटच्या चित्रपटाकडून? दुसरा भाग संपताना माइल्स भलत्याच विश्वात अडकला आहे, ग्वेनने मित्र जमवले आहेत आणि त्या टोळीत पवित्रही आहे. म्हणजे तो आपलं जखमी शहर मागे ठेवून, ज्याने सिंगांना वाचवलं त्या मुलाला वाचवायला निघाला आहे. उपकाराची ही फेड मला फार आवडली. पण मुंबॅटनच्या जमिनीतलं विवर अजून पुरतं मिटलेलं नाही. कुठल्याही भव्य युद्धाआधी तिसऱ्या चित्रपटाने त्या विवराच्या काठावर परत यावं आणि सिंग, गायत्री, ते मूल जिवंत आहेत, शहरही उभं आहे, हे दाखवावं. ते दाखवलं नाही तर माइल्स चुकला होता असंच ठरेल.

त्या दुपारी भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं की तो चुकला नाही, आणि चुकला नाही हे पुढच्या चित्रपटात कळेल. तो म्हणाला, "पण अजून तो काढलाच नाहीये ना?" खरं आहे. ती चित्रं अजून काढली जात आहेत. सहाव्या रात्रीच्या पाटावर कागद कोरा आहे, आणि या वेळी लेखणी माणसांच्या हातात आहे.