थ्री फेज विद्युत शक्तीचे मापन आणि कृषिपंपांचा अंदाजित वीजवापर : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यातील परंडा हा अवर्षणप्रवण तालुका आहे. सीना-कोळेगाव प्रकल्पाचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथील बागायत विहिरी व विंधन विहिरींवर आणि पर्यायाने थ्री फेज विजेवर चालणाऱ्या पंपांवर अवलंबून आहे. हे पंप प्रत्यक्षात किती वीज घेतात, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात अनेक दशके बहुतांशी अंदाजानेच दिले गेले. मापनाचे शास्त्र शतकाहून अधिक काळ उपलब्ध असताना असे का घडले व त्याचे परिणाम काय झाले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मापनाचे शास्त्र :
फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ब्लाँडेल यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार, मंडलात जितक्या तारा असतील त्यापेक्षा एक कमी वॅटमीटर एकूण शक्ती मोजण्यास पुरेसा असतो. पंपाच्या मोटारीला न्यूट्रल जोडलेला नसतो. तारा तीनच असल्याने दोन वॅटमीटर पुरतात आणि त्यांच्या वाचनांची बेरीज हीच एकूण शक्ती होय. शक्तिगुणक ०.५ असताना एक वॅटमीटर शून्य दाखवतो. त्याहून कमी झाल्यास त्याचे वाचन ऋण होते व ते वजा करावे लागते.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य असे की, तिन्ही फेजवरील भार असमान असला तरी बेरीज अचूकच राहते. प्रयोगशाळेत मात्र विद्यार्थी बहुधा समतोल भारावरच प्रयोग करतात. त्यामुळे √३ × व्होल्ट × अँपिअर × शक्तिगुणक हे केवळ समतोल भाराचे सूत्र सर्वत्र लागू पडते, असा समज रूढ होतो. ग्रामीण रोहित्रावर तिन्ही फेजचा दाब क्वचितच समान असतो. तेथे टाँग टेस्टरने एकाच तारेतील प्रवाह पाहून व शक्तिगुणक गृहीत धरून काढलेली शक्ती म्हणजे मापन नव्हे, तो अंदाजच होय.

हॉर्सपॉवर आणि प्रत्यक्ष वापर :
मीटर नसलेल्या पंपांची आकारणी हॉर्सपॉवरवर होते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. परंतु मोटारीच्या पाटीवरील आकडा ती देत असलेल्या यांत्रिक शक्तीचा असतो, ती घेत असलेल्या विद्युत शक्तीचा नव्हे. उदाहरणार्थ, ५ हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण भारावर ३.७३ किलोवॅट देते. तिची कार्यक्षमता ७५ टक्के मानल्यास ती सुमारे ४.९७ किलोवॅट घेईल. दाब ४१५ व्होल्ट व शक्तिगुणक ०.८ असल्यास दोन वॅटमीटर अनुक्रमे सुमारे ३.५६ आणि १.४१ किलोवॅट दाखवतील. म्हणजेच आठ तासांत पाटीवरून सुमारे ३० युनिट, तर मापनातून सुमारे ४० युनिट निघतात. याउलट थ्री फेज पुरवठा आठऐवजी पाचच तास मिळाला, तर प्रत्यक्ष वापर २५ युनिटांच्या आसपास राहतो. अंदाजाची चूक अशी दोन्ही बाजूंना जाऊ शकते.

अंदाज आणि वीजगळती :
फिडरवर सोडलेल्या विजेतून मोजलेली विक्री वजा केल्यावर उरते ती न मोजलेल्या पंपांची वीज अधिक गळती. या दोहोंची केवळ बेरीज ज्ञात असते. पंपांचा वापर वाढवून दाखवला की गळती आपोआप कमी दिसते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००० सालच्या पहिल्या दर-आदेशाच्या वेळी, तत्कालीन वीज मंडळ पूर्वी सांगत होते त्यापेक्षा गळती बरीच जास्त असल्याचे उघड झाले. पुढे आयोगाने या प्रश्नासाठी अभ्यासगट नेमला, आणि ३० मार्च २०२० च्या आदेशात महावितरणने सांगितलेला कृषी वापर कमी करून धरला. वीस वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा उद्भवावा, ही बाब लक्षणीय आहे. जो शेतकरी रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहतो, त्याच्याच नावावर त्याला न मिळालेली वीज टाकली गेली; हा या व्यवहारातील गंभीर दोष होय.

कायदा आणि मोफत वीज :
विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५५ नुसार दोन वर्षांनंतर योग्य मीटरविना वीजपुरवठा करता येत नाही. मात्र आयोगाला मुदतवाढीचा अधिकार देणारी तरतूदही त्यातच आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेद्वारे एप्रिल २०२४ पासून ७.५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचे देयक शासन भरते. देयक शून्य झाल्यामुळे मीटर अनावश्यक ठरतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः आता देयक सार्वजनिक तिजोरीतून भरले जात असल्याने मोजणीची गरज अधिकच वाढली आहे. शिवाय पंपाच्या युनिटांवरून भूजलाच्या उपशाचाही अंदाज बांधता येतो; परंड्यासारख्या तालुक्यात ही माहिती मोलाची ठरेल.

निष्कर्ष :
१. हॉर्सपॉवर हे मोटारीच्या क्षमतेचे माप आहे, वीजवापराचे नव्हे.
२. प्रत्येक पंपाला मीटर बसवणे तत्काळ शक्य नसल्यास फिडर व रोहित्र यांवरील मीटरच्या नोंदी गावपातळीवर प्रसिद्ध व्हाव्यात.
३. अभ्यासक्रमात दोन वॅटमीटर पद्धतीचा प्रयोग असमतोल भारावर आणि शक्य तेथे प्रत्यक्ष पंपावर घेतला जावा.
४. मीटरकडे केवळ वसुलीचे साधन म्हणून न पाहता, मिळालेल्या व न मिळालेल्या विजेचा शेतकऱ्याच्या हाती असणारा पुरावा म्हणून पाहिले जावे. त्याशिवाय मीटरविषयीचा अविश्वास दूर होणार नाही.